चुक्की

उद्यमबागेत बावीस वर्षं एकाच लेथवर
मी माणसांपेक्षा डगमग जास्त बघितली.
चकात जॉब बांधायचा, डायल टेकवायचा,
हातानं हळू फिरवायचा,
सुई दोन घरं इकडं, दोन घरं तिकडं.
डोळ्याला गोल दिसतं ते गोल नसतं,
एवढं शिक्षण मला सुईनं दिलं.

म्हणून नावगेकर सरांनी
जांबोटीच्या पुढं, काजूच्या बागेच्या कडेला,
दुर्बिणीचा स्टँड माझ्याकडून तिसऱ्यांदा आवळून घेतला
आणि सांगितलं की तो ग्रह कुणी पाहिलेला नाही,
फक्त त्याचा तारा हलताना सापडला,
तेव्हा मला विचारायचं काही उरलं नाही.
हलतंय म्हणजे
कुठंतरी वजन आहे.
बस्.

इरण्णाला मात्र उरलं होतं.
मुचंडीचा इरण्णा, शेजारच्या लेथवरचा,
शाल डोक्यावरून घेऊन गिरमिटाची पुडी सांभाळत बसलेला.
"नाव काय त्याचं?"
नाव असं नाही. महाश्व, एक्कावन्न.
"एक्कावन्न? आहेराचं पाकीट काय ते?"

सर बोट वर धरूनच होते.
पूर्वा भाद्रपदेचे दोन तारे, साधारण त्यांच्या मधे,
चौकोनाच्या जरा बाहेर.
रोखून बघितलं की जातो,
नजर थोडी बाजूला ठेवली की येतो,
सोयरीक बघायला आलेल्या घरातल्या मुलीसारखा.
आपल्या सूर्याच्याच जातीचा, म्हणाले,
आणि ग्रह त्याला इतका चिकटून
की सव्वाचार दिवसांत त्याचं वर्ष संपतं.
मी मनात हिशेब केला:
आपल्या एका पगारापासून दुसऱ्या पगारापर्यंत
तिथं सात वर्षं.

इरण्णा पन्नाशीचा.
तो उजेड तिथून निघाला
तेव्हा मुचंडीत ह्याच्या बारशाच्या घुगऱ्या शिजत होत्या.
"तिथं असतास तर आज चार हजार तीनशेचा झाला असतास."
"पेन्शन किती बसली असती रे," तो म्हणाला,
आणि खरंच थोडा वेळ विचारात पडला.

सर सांगत होते, त्या ग्रहाचं
एक तोंड कायम ताऱ्याकडं असावं.
तिकडं दुपार हलत नाही, इकडं रात्र हलत नाही,
मधे एक रेघ.
"रेघेवर कोण राहतंय?" इरण्णानं विचारलं.
कोणी नाही, सगळा वायूच आहे.
"मग बरं."

मग त्यानं डोळा लावला. बराच वेळ.
कुठंतरी मळणीचं मशीन बंद पडलं
आणि थंडी एकदम ऐकू यायला लागली.
"चुक्की," तो पुटपुटला.

मी दचकलो.
शॉपवर हा शब्द एकाच अर्थानं येतो:
चुकी कुणाची? जॉब कुणी घालवला?
"चुकी नव्हे रे. चुक्की.
आमच्यात ताऱ्याला म्हणतात.
आई दाखवायची, बाज अंगणात टाकल्यावर."

एक क जास्त.
आमच्या भागात ह्याहून कमी कारणावरून
पाट्यांना डांबर लागलंय.
मी काही बोललो नाही, भिंगावरचं दव
पंचाच्या टोकानं पुसायला गेलो,
तर सर ओरडले, काचेला हात लावू नका!

परतताना मोटारसायकलवर मागं बसून
मी दोन्ही शब्द तोंडात फिरवत होतो.
तारा जागेवर राहायला चुकतो,
म्हणून कळतं की कुणीतरी आहे.
चुकलाच नसता
तर आपण त्याला एकटा समजलो असतो.

सोमवारी पहिला जॉब बांधला, डायल टेकवला.
सुई दोन घरं इकडं,
दोन घरं तिकडं.
हातात चावी होती, पण आवळली नाही लगेच.
"काय करालास?" पलीकडून इरण्णा.
बघालोय, म्हटलं.